पयले दाभण, मंग इस्तो

सखाराम मिस्त्री मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले, त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. आमचे हे एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, कारकून होते. जिनाच्या आवारातच नोकरांसाठी खोल्यांची एक ओळ होती, त्यातली तिसरी खोली आमची. त्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या आणि मी चुलीवर वरण ठेवून, माहेरच्या आठवणीने, पदर तोंडाशी धरून मनसोक्त रडत बसले होते. ओसरीवरून कुणीतरी चाललं होतं, ते थबकलं. दाराकडे पाठ करून एक काळासावळा, उंच माणूस उभा राहिला आणि समोरच्या कडुनिंबाला सांगावं तसं म्हणाला,

"सूनबाई, तुमचं वरण खाली धरून राहिलं. तांब्याभर पानी टाका."

मी दचकून पातेल्यात पळी घातली. तळ नुकताच धरू लागला होता. वास अजून सुटलाही नव्हता. पाणी ओतून दारात आले तोवर माणूस निघून गेला होता.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "तो शेजारचा मिस्त्री. त्याले नाकाची गरज नाई पडत, तो कानानं सैपाक पाह्यते."

मिस्त्रीकाका जिनाचा बॉयलर सांभाळत. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळची, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. जिनाची सगळी यंत्रं तेव्हा वाफेवर चालत. दिवाळीला बॉयलर पेटला की होळीपर्यंत तो धडधडत असे आणि तेवढे दिवस मिस्त्रीकाकांची मान एका बाजूला कललेली असे. बॉयलरवर वाफेचा दाब दाखवणारी तबकडी होती, पण ते तिच्याकडे क्वचितच बघत. "काटा उशिरा सांगते," ते म्हणत. "वाफ दिसत नाई, आयकू येते." ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की एका लग्नात पंगतीत बसलेला हा माणूस मधूनच उठून आचाऱ्याकडे गेला आणि "भात उतरव बाप्पा" असं सांगून पुन्हा पानावर येऊन बसला. आचारी भडकला. मिस्त्री असशील तुझ्या जिनात, म्हणाला. पण भात उतरवला, आणि तो मोकळा, फुललेला निघाला.

त्यांची बायको रखमाकाकू. मूलबाळ नव्हतं. ठेंगणी, हसतमुख, जिभेने फटकळ आणि मनाने मऊ. आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी वाळकी झाडं. त्या भराभर पेटतात आणि भराभर विझतात, म्हणून चुलीपुढे सारखी फुंकणी हातात हवी. वीस-बावीस वर्षं तो धूर डोळ्यांत घेऊन काकूंच्या डोळ्यांना कायमची धार लागली होती. एका डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नसे. दुसऱ्याने माणूस दिसे, पण त्याचा चेहरा कळत नसे. अमरावतीच्या डॉक्टरने मिस्त्रीकाकांना स्पष्ट सांगितलं होतं, बाईंना चुलीपासून लांब ठेवा, नाहीतर दुसराही डोळा जाईल.

आता बाईमाणसाला चुलीपासून लांब ठेवायचं कसं, हे काही डॉक्टरने सांगितलं नाही. मिस्त्रीकाकांनी ते आपल्या परीने सोडवलं. मॅनेजरच्या बंगल्यावर त्यांनी कलकत्त्याहून आलेला वाफेचा कुकर पाहिला होता. खाली कोळसे, वर एकावर एक डबे. तो त्यांना पटला नाही. "अर्धी वाफ तं हवेतच जाते," म्हणाले. मग पावसाळ्यात जिन बंद असताना त्यांनी भंगारातलं एक जाड पितळी नळकांडं कापलं, त्याला बूड बसवलं, आतून कल्हई करून घेतली आणि मळसूत्री पेचांनी घट्ट आवळायचं झाकण केलं. झाकणाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं भोक आणि त्यावर पितळेचं वजन. वाफ वाढली की वजन उचललं जाई आणि फुस्स फुस्स आवाज करत जादा वाफ बाहेर पडे. आज घरोघरी शिट्ट्या वाजतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा ओळीतल्या सगळ्या बाया ते यंत्र बघायला आल्या होत्या आणि चार हात लांब उभ्या राहिल्या होत्या.

काकूंनी ते वर्षभर वापरलं नाही. "कुलपातलं अन्न मले नाई पाह्यजे," हे त्यांचं म्हणणं. "झाकन उघडून पायता येत नाई, पळी घालता येत नाई. मंग मी सैपाक केला का डब्यानं केला?" मिस्त्रीकाका वाद घालत नसत. सकाळी स्वतः शेगडीवर डबा चढवत, स्वतः उतरवत, आणि काकूंनी चुलीवर केलेलं बाजूला सारून मुकाट्याने आपलं वाफेचं वरण जेवत. एका घरात दोन वरणं शिजायची. ओळीत त्याची फार थट्टा चाले.

हे भांडण मिटवलं ते नागोबाने. आमच्याकडे नागपंचमीला तवा चुलीवर चढत नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं-भाजायचं नाही, सुई-दाभण हाती धरायचं नाही, कशालाही टोचायचं नाही. नैवेद्याला पुरण भरलेले कानोले, तेही वाफवलेले. त्या नागपंचमीला काकूंच्या डोळ्यांना इतकी आग सुटली होती की चुलीपुढे बसवेना. मिस्त्रीकाका एवढंच म्हणाले, "आज तं नागोबालेच वाफेचं पाह्यजे. तुले कायची अडचन हाये?" काकूंनी डोळे पुसले आणि डब्यात कानोले लावून दिले. अर्ध्या तासात ते असे तलम निघाले की काकूंनी आधी नागोबाला नैवेद्य दाखवला आणि मग डब्याला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून तो डबा काकूंचा झाला. महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांची धारही कमी झाली. एकदा मी दारातून आत गेले तर म्हणाल्या, "हिरवं नेसली वाटते वं आज?" मिस्त्रीकाका कोपऱ्यात बसले होते. एवढा उंच माणूस, पण ते ऐकून त्यांनी मान खाली घातली आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसलं.

भाकरी मात्र वाफेवर होत नाही. म्हणून आमची वाटणी ठरली. दोन्ही घरच्या भाकरी मी माझ्या चुलीवर थापायच्या आणि दोन्ही घरचं वरण काकूंनी शिजवायचं. त्या डब्याचा एक नियम होता. खिळ्याला लाल दोऱ्याने एक दाभण टांगलेलं होतं, कापसाच्या बोऱ्या शिवायचं. डबा चढवण्याआधी ते झाकणाच्या भोकात घालून फिरवायचं, म्हणजे आदल्या दिवशी वरणाचा फेस आत वाळला असेल तर निघून जातो. "पयले दाभण, मंग इस्तो," मिस्त्रीकाका सांगत. इस्तो म्हणजे विस्तव. हे ते रोज सांगत, जिनात निघताना, चपला घालताना, देवाचं नाव घ्यावं तसं. काकूंना ते बारीक भोक दिसत नसे, म्हणून दाभण घालायचं काम माझं. पितळेवर ते किर्र असं वाजे. काकू विचारत, "घातलं काय वं?" मी म्हणे, "घातलं, काकू." मग त्या कोळशांवर डबा चढवत. वर्षभर हे दोन शब्द आम्ही रोज बोललो.

मधल्या काळात मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. माझी आई अमरावतीहून येईपर्यंत तीन दिवस काकूच माझ्या उशाशी होत्या. मिस्त्रीकाका ओसरीवर पाठ करून बसत आणि "सूनबाई जेवली काय?" एवढंच विचारत. वाफेवर मऊ केलेला भात त्यांच्याकडून येई. पुढल्या वर्षी पुन्हा दिवस राहिले आणि पाचवा महिना लागला, तेव्हा माझ्याइतकाच जीव त्या दोघांनीही मुठीत धरला होता.

मी सातवी पास होते, आणि त्याचा मला भलता ताठा होता. सासूबाईंचे विधिनिषेध मी काकूंपुढे नकला करून दाखवी. ग्रहणात काय होतं, सुईने काय होतं, सगळं थोतांड आहे म्हणून ठणकावून सांगे. काकू हसत. पण पहिलं मूल गेल्यापासून आतून मी पार भेदरलेली होते, हे मी कुणालाच कळू दिलं नव्हतं. नागपंचमीच्या सकाळी सासूबाईंनी बजावलं, "आज सुईले शिवू नोको. पोटुशीनं टोचलं तं लेकराले लागते." मी नाक मुरडलं आणि शेजारी गेले.

मिस्त्रीकाका घरी नव्हते. वारुळाला दूध-लाह्या वाहायच्या होत्या, काकूंना चिखलातून चालणं जमणार नव्हतं, म्हणून बायांच्या घोळक्यात हा एकटा पुरुष पूजेचं ताट घेऊन गेला होता. जाताना ते आपलं रोजचं वाक्य बोलून गेलेच असतील. काकूंनी कानोले लावून ठेवले होते आणि त्या झाकण माझ्यापुढे धरून बसल्या होत्या. आदल्या दिवशीचं वरण बरंच फेसाळलं होतं, ते मला माहीत होतं. मी दाभण खिळ्यावरून काढलं. हातात धरलं. आणि पोटात बाळ हललं.

ते तेव्हाच हललं की मला तसं वाटलं, हे आज सांगता येत नाही. दाभण मी होतं तसं खिळ्याला अडकवलं. "काकू, मी आज घालत नाही, काका येईपर्यंत थांबा," एवढं म्हणायचं होतं. पण इतके दिवस ज्या गोष्टींची टिंगल केली त्यांनाच घाबरले, हे कबूल करायची लाज वाटली.

"घातलं काय वं?" काकूंनी विचारलं.

"घातलं, काकू."

काकू क्षणभर थांबल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि डबा कोळशांवर ठेवला. मी आमच्या घरी नैवेद्याचं पान वाढायला आले.

काय झालं ते नंतर कळलं. डब्यातून फुस्स आवाज येईना. काकूंनी बराच वेळ वाट पाहिली. पावसाळी हवेत कोळसे विझले, वाफच धरली नाही, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी पेच सैल केले. मोठा आवाज झाला, तो मी भिंतीपलीकडून ऐकला. धावत गेले तर झाकण छपराच्या कौलांवर आपटून खाली पडलं होतं आणि काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड, गळा, छाती भाजलेली. पहिला शब्द त्या बोलल्या तो मला. "तुले तं नाई ना लागलं कुठी?"

त्यांना इस्पितळात हलवलं. मिस्त्रीकाका रिकामं ताट घेऊन परतले, सगळं ऐकलं, तसेच तिकडे धावले आणि दुपारी घरी आले, कारण चौकशीला पोलीस जमादार येणार होता. मी दारात उभी होते. त्यांनी झाकण उचलून उजेडाकडे धरलं. उजेड पलीकडे आला नाही. मग त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या पोटाकडे. त्यांनी दाभण काढलं, भोकात घातलं, वाळलेल्या वरणाची काडी बाहेर आली ती धोतराला पुसली आणि दाभण परत खिळ्याला लावलं. तेवढ्यात जमादार आला.

"भोक बुजलं होतं काय, मिस्त्री?"

"नाई साहेब. पाहा, साफ हाये." त्यांनी झाकण उजेडाकडे धरून दाखवलं. "बायलरले दोन सेफ्टी असतात. एक बंद पडली तं दुसरी. म्या घरच्या डब्याले एकच ठेवली. चूक मायी हाये. लिहून घ्या."

मी तोंड उघडलं असतं तर उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. पाचव्या दिवशी काकू गेल्या. त्या पाच दिवसांत मला इस्पितळात जाऊ दिलं नाही, पोटुशी बाईने तिथे जायचं नाही म्हणून, आणि मीही हट्ट धरला नाही. हे लिहिताना आजही माझी मला शरम वाटते.

दिवाळीला जिन सुरू व्हायची वेळ आली. दरवर्षी नारळ फोडून बॉयलर मिस्त्रीकाका पेटवत. त्या वर्षी ते मॅनेजरपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माया कानाचा आता मलेच भरोसा नाई. शंभर मानसं आत काम करतात. दुसरा मानूस पाहा." कुणी कितीही समजावलं तरी ऐकलं नाही. बाळापूरजवळ त्यांच्या भावाची बागायत होती, तिकडे ते निघून गेले. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. परत आले तेव्हा शेजारची खोली रिकामी होती, आणि माझ्या मांडीवर कुसुम होती.

बाळापूर अकोल्यापासून काही लांब नाही. मला तिथे जायला सहा वर्षं लागली. कुसुमला घेऊन मी एका दुपारी त्यांच्या भावाच्या मळ्यात गेले. मिस्त्रीकाका वांग्यांच्या वाफ्यात बसून खुरपत होते. केस पांढरे झाले होते. मला ओळखलं, हसले, कुसुमच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण हाताला माती होती म्हणून मागे घेतला. त्यांची भावजय आम्हाला घरात घेऊन गेली आणि चहाला दूध मागायला शेजारी गेली. चुलीवर वरण ठेवलेलं होतं. थोड्या वेळाने ते खाली धरू लागलं. आधी बारीक तडतड आवाज आला, मग वास सुटला. मिस्त्रीकाकाही मागोमाग आत येऊन चुलीपासून चार हातांवर बसले होते. त्यांनी मानही वळवली नाही. मीच उठून तांब्याभर पाणी ओतलं, आणि तिथेच चुलीपुढे बसून हुंदके देऊन रडले.

"काका, त्या दिवशी मी दाभण घातलं नव्हतं."

"मालूम हाये मले."

"मी काकूंशी खोटं बोलले."

कुसुम अंगणात कोंबड्यांमागे धावत होती, ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोटं तिले लागलंच नाई वं पोरी. तिले डोये नव्हते, कान होते. माया संगतीनं तिचे बी कान तयार झालते. दाभण किर्र वाजलं नाई, थे तिनं आयकलं. तिनंच मले सांगतलं इस्पितळात. म्हने, पोट्टी भेली होती. एक डाव लेकरू गेलं हाये तिचं. म्या दुसऱ्यांदा इचारलं असतं तं तिनं घातलं असतं, अन् मंग लेकरू होयेपर्यंत जीव टांगनीले लागला असता तिचा. एका दिवसानं काय होते, म्हनून म्या इचारलंच नाई. तुमी बी तिले इचारू नोका."

"मग तुम्ही इतकी वर्षं मनात का ठेवलंत? निदान मला एक शब्द तरी..."

"तिनं नोको म्हटलं होतं ना," ते म्हणाले. जणू यात आणखी काही सांगण्यासारखं नव्हतंच. निघताना त्यांनी हात धुतले आणि मग कुसुमच्या डोक्यावर ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. भावाने निरोप पाठवला होता, त्यासोबत लाल दोरा बांधलेलं ते दाभण होतं.

आता माझ्याही डोळ्यांना कमी दिसतं. कुसुमचा दुकानातून आणलेला चकचकीत कुकर आहे. रोज तो चढवण्याआधी मी झाकण मागून घेते, उजेडाकडे धरते आणि भोकात दाभण फिरवते. नागपंचमीलाही फिरवते. कुसुम वैतागते. "आई, आता याला सेफ्टी असते गं. एक बंद पडली तर दुसरी असते." असते खरी. मी बघितली आहे, आता दोन असतात.

कुसुमला मी यातलं काहीच आजवर सांगितलेलं नाही. तिला वाटतं, म्हातारीची खोड आहे. हे कागद पुरे झाले की आधी तिच्या हातात देणार आहे. मला काय म्हणायचं ते तिने म्हणावं. पण तिचा जन्म व्हायच्या आधी, डोळ्यांनी अधू असलेल्या एका बाईने तिच्यासाठी एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नव्हता, एवढं तिला कळायला हवं.